वजा साठ

फोन उचलल्या उचलल्या भारतशेठ म्हणाले, "वैजू, तुझ्या सॉफ्टवेअरला बाहेरचं काहीतरी लागलंय."

"काय झालं शेठ?"

"माणसं लुकलुकायलीत."

"स्क्रीन लुकलुकायलीय का?"

"स्क्रीन नाही रे बाबा, माणसं! तोंडं! त्या गाढव्यांच्या हळदीचा अल्बम काल दिला. सगळ्यांची तोंडं लाल, हिरवी, लाल, हिरवी. नवरीच्या आत्यानं अल्बमवरनं मीठमोहऱ्या उतरवल्या म्हणे. आता बोल."

वैजनाथ ढावरेला हसू आलं, पण ते त्यानं गिळलं. भारतशेठचा मोहोर फोटो स्टुडिओ म्हणजे बार्शीतलं त्याचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी 'साज' वापरायला घेतलं म्हणून आजूबाजूच्या चार तालुक्यांनी घेतलं. कॉलेज अर्धवट सोडलेल्या आणि दुसऱ्यांच्या चुका वाचून वाचून प्रोग्रॅमिंग शिकलेल्या पोराचं घर त्या एका सॉफ्टवेअरवर चाललं होतं.

"बाकीच्या फोटोंत होतंय का?" त्यानं विचारलं.

"नाही. लग्नाचे चोख, रिसेप्शनचे चोख. फक्त हळदीचे. अन् आमच्याकडं कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की सुरू."

आता वैजनाथचे कान टवकारले. चूक अशी जागा बघून यायला लागली, की त्याला जेवण सुचत नसे.

जाड पुठ्ठ्यांचे अल्बम आता कुणी करत नव्हतं. आता जिवंत अल्बम. पाटीएवढा पातळ पडदा, त्यातला प्रत्येक फोटो पाव मिनिट हलतो, मग परत पहिल्यापासून. करवली हसते, पदर उडतो, अक्षता पडतात. हे शक्य झालं नव्या कॅमेऱ्यांमुळे. जुना कॅमेरा उजेडाचा एक घोट घ्यायचा अन् थांबायचा. नवा कॅमेरा उजेड मोजतो. प्रत्येक ठिपक्यावर प्रकाशाचे किती कण आले, कधी आले, याचा हिशेब बटण दाबल्यापासून ठेवत राहतो. त्यामुळे त्याला जे दिसतं, ते माणसाच्या डोळ्याला सात जन्मांत दिसायचं नाही.

तिथंच पहिली अडचण आली होती. या फोटोंचे रंग जरा उठावदार केले, की चेहऱ्याची कातडी थरथरल्यासारखी दिसायची. लोक म्हणायचे, आमच्या सुनेचं तोंड पाण्यात पडल्यासारखं का दिसतंय? त्यावर वैजनाथनं फिल्टर लिहिला, 'तुकतुकी' नावाचा. चेहरा हलला तरी सॉफ्टवेअर तो जागेवर धरतं, पाव मिनिटातला त्याचा सरासरी रंग काढतं, आणि त्या रंगापासून जी काही चढउतार होते, ती दाबून टाकतं. एक पट्टी, पट्टीवर सरकती गोटी, शेजारी आकडा दाखवणारा चौकोन. गोटी उजवीकडे दहा घरं गेली की थरथर एक-तृतीयांश उरते. आणखी दहा, त्याची एक-तृतीयांश. साठपर्यंत गेलं की चेहरा लोण्यासारखा. सगळे स्टुडिओ साठवरच ठेवायचे.

मग हळदीत काय बिघडतंय?

"पिवळा रंग," वैजनाथ स्वतःशीच म्हणाला. दुसरं असणारच काय? हळदीच्या थरामुळे सॉफ्टवेअरला कातडी ओळखू येत नसणार. त्यानं कोड पिंजून काढला. मग स्वयंपाकघरात गेला, वाटीत हळद कालवली, तोंडाला थापली आणि कॅमेऱ्यासमोर येऊन ताठ बसला.

प्रतीक्षा, त्याची धाकटी बहीण, दारात येऊन थबकली. "आई, ए आई! इकडं ये. दादा स्वतःची हळद स्वतःच लावून घ्यायलाय!"

"हलवू नकोस मला. काम करायलोय."

"आधी माझी तरी होऊ दे की रे. महिन्यावर आलंय माझं लग्न, अन् हा मधेच घुसायलाय."

"प्रतू, हसवू नको!"

तिनं फोटो काढला आणि होणाऱ्या नवऱ्याला, बालाजीला पाठवला. त्याचं उत्तरही लगेच आलं. ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "म्हणतायत, मेहुण्याला सांग, पोरगी मी बघतो."

वैजनाथनं फोटो 'साज'मध्ये घातला. तुकतुकी साठ. चेहरा पिवळाधमक आणि लोण्यासारखा. थरथर नाही, लुकलुक नाही, काहीच नाही. पिवळ्या रंगाचा काही संबंध नव्हता. उलट तोंडाचा पिवळेपणा पुढचे कितीतरी दिवस निघेना.

त्याचा एक नियम होता. कोडमध्ये चूक सापडत नसेल, तर वापरणाऱ्याच्या हाताकडे बघायचं. तो मोहोर स्टुडिओत गेला आणि शाहीनआपाच्या मागे स्टूल टाकून बसला. अल्बम लावायचं सगळं काम शाहीनआपाकडे. तिनं मान वळवून त्याचं पिवळं तोंड बघितलं. "मुबारक हो. सांगितलं पण नाहीस."

"आपा, मी इथं नाही असं समज. नेहमीसारखं काम कर."

तिनं लग्नाचा फोटो उघडला. गोटी उजवीकडे, साठ. पुढचा, साठ. मग हळदीचा फोटो आला. तिनं गोटीला हात लावलाच नाही. शेजारच्या चौकोनात टिचकी मारली आणि आकडा टाइप केला. वजा साठ.

वैजनाथ स्टुलावरून उठलाच. "हे काय केलंस?"

"का? हळदीत तोंड आधीच तुकतुकीत असतं ना. तेल, हळद. वरनं तुकतुकी दिली तर मेणाचा पुतळा दिसतो. म्हणून हळदीला उलटं करते. गोटी शून्याच्या मागं जात नाही, पण इथं लिहिलं की घेतंय."

ती बोलत होती आणि वैजनाथ कपाळाला हात लावून उभा होता. गोटीला त्यानं शून्यावर अडवलं होतं. चौकोनाला अडवायचं राहून गेलं होतं. काम करताना स्क्रीनवर फोटो सरासरी रंगात थांबलेलाच असायचा, म्हणून स्टुडिओत कुणाला काही दिसायचं नाही. आणि उणे आकडा टाकला, की तोच हिशेब उलटा फिरायचा. दर दहा घरांना थरथर एक-तृतीयांश होण्याऐवजी तिप्पट. तिपटीची तिप्पट, त्याची तिप्पट. साठपर्यंत सातशेपटीच्या वर.

"पण थरथर कशाची?" तो पुटपुटला. "आपा, हा चालू करून दाखव."

शाहीननं फोटो चालू केला.

गाढव्यांचं अख्खं अंगण लुकलुकायला लागलं. पण आता जवळून, शांतपणे बघताना ते भुताटकीसारखं वाटेना. प्रत्येक चेहऱ्याची आपली वेगळी चाल होती. आजोबांचा चेहरा सावकाश लाल व्हायचा, सावकाश ओसरायचा. कडेवरच्या तान्ह्या पोराचा भराभरा. नाचून आलेल्या पोरांचे धावते. भिंत मात्र ढिम्म, पितळी घंगाळ ढिम्म. फक्त जिवंत कातडी.

वैजनाथनं डावं मनगट धरलं आणि स्टुडिओतला कॅमेरा स्वतःवर वळवला. पाव मिनिट. वजा साठ. बोटाखाली ठोका आणि पडद्यावर स्वतःचा लाल होणारा चेहरा, दोन्ही त्याच चालीनं.

"नाडी आहे आपा," तो जवळजवळ ओरडलाच. "प्रत्येक ठोक्याला तोंडात रक्त चढतं. रक्त हिरवा उजेड पितं, म्हणून चेहरा हजारातल्या एखाद्या अंशानं लालसर होतो. आपल्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतंय! मी इतके दिवस लोकांची नाडी पुसत बसलो होतो."

"या अल्ला," शाहीन म्हणाली. मग हळूच, "माझी बघ की."

तिचा चेहरा लयीत लाल होत गेला, आणि मधेच एक ठोका गायब. पुन्हा लय. पुन्हा एक गायब. वैजनाथ दचकला. तीच त्याला समजवायला लागली. "घाबरू नको. लहानपणापासून चुकतो माझा. सोलापूरला दाखवलंय, डॉक्टर म्हणाले काही नाही, कितीतरी लोकांना असतं. बरोबर दाखवतंय रे तुझं मशीन!"

दोघं लहान पोरांसारखी एकेक अल्बम उघडत बसली. आणि त्याच भरात वैजनाथ म्हणाला, "आमच्या प्रतूच्या साखरपुड्याचा लाव."

फोटोत आई होती, मामा होते, मधे पाटावर प्रतीक्षा आणि बालाजी. वजा साठ. प्रतीक्षाचा चेहरा भरभर पण नेमका चालला होता. शेजारी बालाजीचा. दोन ठोके लगोलग. मोकळी जागा. तीन घाईघाईत. लांब मोकळी जागा. एक. मग चार, एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. कुठं लयच नाही.

वैजनाथचं हसू ओठांवरच वाळलं.

त्यानं आधी तेच केलं, जे तो कुठल्याही चुकीच्या बाबतीत करायचा. दुसरं कारण शोधलं. मांडवातली लाइटची माळ? मग मागची भिंत लुकलुकली असती. कॅमेरा हलला? मग प्रतीक्षाचीही लय मोडली असती. अंगठी घालतानाचा फोटो, पेढा भरवतानाचा, जेवणाच्या पंगतीतला. सगळ्यांत बालाजी तसाच. काहींत जरा कमी, काहींत फारच विस्कटलेला.

"माझ्यासारखं असेल," शाहीन म्हणाली. पण तिच्याही आवाजात जोर नव्हता. तिचा एखादाच चुकायचा. इथं एकही जागेवर नव्हता.

कधीपासून कोण जाणे, भारतशेठ मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आधी त्यांनी जिभेनं चुकचुक केलं. "बहिणीला आजच सांग. अजून पत्रिका वाटल्या नाहीत, बरं झालं." मग त्यांचे डोळे चमकायला लागले. "अन् वैजू, ते वजा काढू नको. राहू दे. लोक छत्तीस गुण जुळवत्यात, आपण फोटोतनं नाडी बघून देऊ. बायोडेटाबरोबर फोटो येतोच की! जिल्ह्यातली वधू-वर मंडळं दारात रांग लावतील."

"ज्याचा फोटो, त्याला विचारायचं नाही?" वैजनाथनं विचारलं.

"पत्रिका बघताना शनीला विचारतो का आपण?"

शाहीननं खुर्ची वळवली. "शेठ, माझा बायोडेटा फिरत होता तेव्हा हे असतं, तर कुणी मला हो म्हटलं असतं? डॉक्टर म्हणतो काही नाही. पण पडद्यावर दिसतंय ना, चुकतो म्हणून. पाहुणे डॉक्टरचं ऐकतील का पडद्याचं? दोन पोरं झालीत मला."

वैजनाथ मनात दोन गोष्टी तोलत होता आणि पारडं कुठंच टेकत नव्हतं. न सांगावं, तर बहीण. सांगावं, तर एका माणसाच्या छातीतलं त्याच्या परवानगीशिवाय उघडं करणं. आणि तेही आपण कोण, तर फिल्टर लिहिणारे. शाहीनसारखं साधं निघालं तर? पण बालाजी स्टुडिओत बसून काम करत नव्हता. तो लाइनमन होता. दिवसाचे कितीतरी तास विजेच्या खांबावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ लॅपटॉप पाठीला लावून परांड्याच्या रस्त्याला लागला. एका वस्तीजवळ बालाजी खांबावर होता, कमरेला पट्टा, हातात पक्कड. वैजनाथला बघून तो वरूनच ओरडला, "अहो मेहुणे! हळद उतरली नाही का अजून?"

"दाजी, खाली या जरा."

"फ्यूज टाकतो अन् आलोच."

"आत्ता या ना."

आवाजात काहीतरी होतं. बालाजी उतरला. दोघं बांधावरच्या लिंबाखाली बसले. वैजनाथनं काही प्रस्तावना केली नाही, त्याला ती जमतही नसे. लॅपटॉप उघडला, काय चूक झाली, काय दिसायला लागलं, सगळं सांगितलं आणि साखरपुड्याचा फोटो चालू केला.

बालाजीनं बराच वेळ स्वतःकडे बघितलं. मग लॅपटॉप मिटला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बघायला?"

"कुणी नाही."

"मग?"

"गंमत वाटली म्हणून बघितलं. चुकलंच माझं. पण आता बघितलंय, ते न बघितल्यासारखं करता येईना."

"वा! म्हणजे उद्या मी तुमच्या घरात शिरायचं, कपाट उघडायचं अन् म्हणायचं, गंमत वाटली." बालाजी उठून उभा राहिला. पक्कड या हातातून त्या हातात. "घरी काय सांगितलं?"

"काही नाही."

"प्रतीक्षाला?"

"नाही. छाती तुमची आहे. म्हणून आधी तुमच्याकडं आलो. मी डॉक्टर नाही दाजी. कदाचित काहीच नसेल. स्टुडिओतल्या आपाचाही ठोका चुकतो, तिला काही नाही. पण ती खुर्चीत बसती, अन् तुम्ही वर चढता."

बालाजी खांबाकडे बघत राहिला. तारेवर एक कोतवाल पक्षी शेपूट हलवत बसला होता.

"वर गेलं की कधी कधी," तो म्हणाला, "छातीत मासोळी उलटल्यासारखं होतं. डोळ्यांपुढं अंधारी येती. पट्टा असतो म्हणून... मला वाटायचं, लग्नाचं टेन्शन असेल. आईला सांगितलं तर ती नोकरी सोडायला लावील." मग एकदम, "मी प्रतीक्षाला नाही सांगितलं, तर तुम्ही सांगणार?"

वैजनाथला खोटं बोलता येत नव्हतं. "डॉक्टरला दाखवा. काही नसेल तर मी मेलो तरी बोलणार नाही. काही असेल अन् तुम्ही नाही सांगितलं, तर सांगीन."

"सरळ आहे तुमचं," बालाजी म्हणाला. रागात होता का, कळेना. त्यानं खिशातून फोन काढला. "प्रतीक्षा, बोलायचंय जरा. नाही, तुझा भाऊ बरा आहे, इथंच बसलाय तोंड पाडून. पिवळं." आणि मग तो चालत चालत बांधाच्या पार टोकाला गेला. तिथून वैजनाथला फक्त त्याचा हलणारा हात दिसत होता.

बार्शीतल्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागद काढला आणि पुण्याला पाठवलं. हृदयाला ठोका द्यायची विजेची वाट असते. बालाजीच्या हृदयात जन्मापासून एक जादा वाट होती, आडवाट. ठोका कधी तिकडून शिरायचा आणि सगळी लय उधळायची. मांडीच्या शिरेतून बारीक तार आत घालून ती वाट जाळून टाकता येते. पण ते होईपर्यंत, डॉक्टर म्हणाले, खांबावर पाय ठेवायचा नाही.

"म्हणजे माझ्या आत कुणीतरी वीजचोरीचा आकडा टाकलाय," बालाजी म्हणाला. पुण्यातल्या डॉक्टरांना ती लाइनमनची थट्टा कळली नाही, पण प्रतीक्षा रडता रडता हसली.

घरी मात्र तिनं वैजनाथला सोडलं नाही. "आधी तू बघितलंस, मग त्यांनी, मग मी. मी तिसरी! लग्न माझं."

"तुला आधी सांगितलं असतं तर?"

ती हातातली बांगडी फिरवत राहिली. "तर मी नाही म्हटलं असतं," ती शेवटी म्हणाली. "तो पडदा बघून. त्यांना न विचारता." मग डोळे पुसून, "पण तू परत असं कुणाचं बघायचं नाहीस. शपथ घे."

लग्न दोन महिने पुढे गेलं. पाहुण्यांना सांगितलं, मुहूर्त नव्हता.

दरम्यान वैजनाथनं चौकोनाला शून्यावर अडवलं. कोडची एक ओळ. उणं काहीही टाइप करा, शून्य होणार. भारतशेठ भडकले. म्हणाले, सोन्यासारखी चूक दुरुस्त करणारा येडा पहिल्यांदाच बघितला, आता मीच दुसरं सॉफ्टवेअर घेतो. आणि घेतलंही. शाहीनआपानं ते आठ दिवस वापरलं आणि शेठना सांगितलं, यात तोंडं थरथरतात, माझ्याच्यानं व्हायचं नाही. 'साज' परत आलं. शेठनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

पण वैजनाथला माहीत होतं, की ओळ त्याची होती, कॅमेरे त्याचे नव्हते. आज ना उद्या दुसरा कुणीतरी चौकोन अडवायचं विसरणार. किंवा मुद्दाम अडवणार नाही. तेव्हा लोक काय करतील, हे त्याला खरंच कळत नव्हतं. कधी भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर, कधी हात शिवशिवायचे.

प्रतीक्षाची हळद झाली. ऑपरेशन होऊन महिना उलटला होता, आणि बालाजी आता ऑफिसात तक्रारींचे फोन घेत होता. दोन्हीकडची हळद एकाच मांडवात. शाहीनआपा स्वतः कॅमेरा घेऊन आली होती. "हलू नका आता, पाव मिनिट," ती ओरडली, आणि सगळं अंगण श्वास रोखून थांबलं.

चार दिवसांनी तो फोटो वैजनाथच्या स्क्रीनवर आला. पिवळे चेहरे, मधे दोघं. खोलीत कुणी नव्हतं. जादा वाट खरंच गेली असेल का? परत उगवली असेल का? एकदाच. फक्त एकदा बघावं. घेतलेली शपथ त्याला आठवत होती, तरी बोटं चौकोनापर्यंत गेली. वजा. साठ. एंटर.

चौकोनात शून्य आलं.

त्यानं परत टाइप केलं. शून्य. स्वतःच लावलेलं कुलूप, किल्लीही स्वतःकडेच. ती एक ओळ काढायला किती वेळ लागणार होता? त्यानं बोटं मागे घेतली. मग त्यानं फोटो नुसताच चालू केला.

बालाजी कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. प्रतीक्षा बघत नव्हती. तिची मान खाली होती आणि हळदीनं माखलेली तिची बोटं बालाजीच्या मनगटावर दाबलेली होती. पाव मिनिटभर तिचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. मग तिनं मान वर केली, आणि फोटो परत पहिल्यापासून सुरू झाला.

वैजनाथनं ती मोजणी सात-आठ वेळा बघितली. आकडे कुठंच अडखळत नव्हते.

त्यानं तुकतुकी शून्यावरच ठेवली आणि फोटो अल्बमात टाकला.